पंखा बंद करून

(प्रस्तावना)

चेन्नईतला मे महिना ज्याने अंगावर घेतला आहे त्यालाच 'पंखा बंद कर' या शब्दांचं वजन कळेल. तिरुवान्मियूरच्या एका गल्लीत, समुद्रापासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही सहा जण बसलो होतो. चौघे वाजवणारे, एक या पुस्तकाचा लेखक आणि एक मी. खिडक्यांना जुन्या गाद्या टेकवलेल्या, दाराच्या फटीत पंचा कोंबलेला. गिटारवाला मान न वळवता म्हणाला, "मच्ची, फॅन." ड्रमरने उठून बटण दाबलं. पात्यांची घरघर थांबली आणि गाणं सुरू झालं. चार मिनिटांत सगळे घामाने निथळले. टेक संपल्याबरोबर गिटारवाल्याने पहिलं काम केलं ते टॉवेलने तारा पुसण्याचं. खारी हवा आणि घाम मिळून स्टीलच्या तारेचं काय करतात, हे तिथल्या कोणत्याही वादकाला विचारा.

तिसरा टेक फार सुरेख जमत होता. शेवटच्या कडव्याला खालच्या मजल्यावर कोणीतरी पाण्याची मोटार लावली. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिवी नाही, वैताग नाही. "वन मोर," एवढंच. रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

पाणी इतक्या रात्री का चढवतात ते मी विचारलं नाही, पण गाणं इतक्या रात्री का होतं ते विचारलं. चौघांपैकी दोघे दिवसा सिनेमाच्या आणि जाहिरातींच्या रेकॉर्डिंगला वाजवतात. तिसरा ओएमआरवरच्या एका आयटी कंपनीत आहे. चौथा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांना बसणाऱ्या मुलांना गिटार शिकवतो. चौघे एकाच वेळी मोकळे होतात ते रात्री दहानंतर. या हिशेबाने आठ गाण्यांच्या अल्बमला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांचं हे पुस्तक आहे. बँडच्या विनंतीवरून लेखकाने त्यांची नावं बदलली आहेत, तेव्हा मीही ती इथे देत नाही.

प्रस्तावना लिहिणाऱ्याने आधी शब्दाचा अर्थ सांगावा अशी रीत आहे. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चं लाडकं, आखूड रूप. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ बड्या रेकॉर्ड कंपन्यांपासून स्वतंत्र असा होता. पुढे तो एका विशिष्ट गिटारी आवाजाला चिकटला. चेन्नईत हा अर्थ चालत नाही. तिथे गाण्याला दोनच पत्ते मान्य आहेत. एक सभेचा, म्हणजे मार्गळी या तमिळ महिन्यातल्या कर्नाटक संगीताच्या मोसमाचा. १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अकॅडमी हे त्याचं मोठं पीठ. दुसरा पत्ता कोडंबाक्कमचा, म्हणजे सिनेमाचा. आपण गाणी करतो असं रिक्षावाल्याला सांगितलं तर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एन्द पडम?" कोणता सिनेमा? त्या प्रश्नात कुजकेपणा नसतो. सिनेमात नसलेलं आणि देवाचंही नसलेलं गाणं असतं कुठे, हे त्याला खरोखरच जाणून घ्यायचं असतं.

मराठी वाचकाला ही अडचण चटकन उमगणार नाही, आणि याचं कारण आपल्या इतिहासात आहे. आपल्याकडे सिनेमाबाहेरचं गाणं पिढ्यान्‌पिढ्या घरातलं आहे. नाट्यगीत सिनेमाच्या आधीचं. भावगीत आकाशवाणी आणि तबकडीवर वाढलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. माडगूळकर-फडके जोडीची ५६ गाणी वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक अशी आली. ओळीने, एका कथेत गुंफलेली, एका संगीतकाराची. आजच्या भाषेत याला संकल्पनेवर उभा राहिलेला अल्बम म्हणतील, फक्त आपण त्याला तसं कधी म्हटलं नाही. त्यामुळे 'सिनेमाशिवाय गाणं' यात मराठी माणसाला बंड दिसत नाही. चेन्नईत ते आहे. हे पुस्तक मराठीत लिहिलं जाण्यात मला मौज वाटते ती याचसाठी. ज्यांना ही गोष्ट कधी लढून मिळवावी लागली नाही, त्यांना ती लढणाऱ्यांची हकीकत सांगायची आहे.

तशी तमिळ भूमीतल्या बँडची गोष्ट सांगू लागलो तर मराठी माणूस तिथे फार आधीच भेटतो. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. त्यांनी जमवलेल्या युरोपीय संगीताच्या वह्या सरस्वती महाल ग्रंथालयात अजून आहेत. त्याच काळात मद्रासच्या किल्ल्यातल्या कंपनीच्या बँडच्या चालींवर मुत्तुस्वामी दीक्षितरांनी संस्कृत शब्द बसवले. 'नोट्टुस्वर' म्हणून त्या रचना आजही शिकवतात आणि त्यांतल्या एकीची चाल इंग्लंडच्या राष्ट्रगीताची आहे. पुढे मराठी कीर्तन तंजावरला गेलं, तंजावूर कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथेला घाट दिला, आणि साकी-दिंडी तमिळ रंगमंचावर नांदू लागल्या. बाहेरची वस्तू आणून घरच्या तालात बसवणं हा या प्रदेशाचा जुना छंद आहे. अण्णा सालैवरचं म्यूझी म्युझिकल हे वाद्यांचं दुकान आपली परंपरा १८४२पासून मोजतं. पुस्तकातल्या बासवादकाने पहिली गिटार तिथेच, बाबांचं बोट धरून घेतली.

मात्र आधुनिक अर्थाने सिनेमाबाहेरचा अल्बम चेन्नईत मोठ्याने ऐकू आला तो सिनेमातल्याच माणसाकडून. इळैयराजांचा 'हाऊ टू नेम इट?' १९८६चा आणि 'नथिंग बट विंड' १९८८चा. वर्षाला कित्येक चित्रपट करणाऱ्या, सकाळी सातच्या कॉलशीटला वाद्यवृंद उभा करणाऱ्या माणसाला गोष्टीशिवाय, नायक-नायिकेशिवाय काही वाजवावंसं वाटलं, यातच पुढचं सगळं आलं. रहमानचीही तीच कथा, फक्त उलट क्रमाने. आधी 'रूट्स'सारख्या बँडमध्ये कीबोर्ड, मग जाहिरातींचे जिंगल, १९८९ साली घरच्या आवारात पंचतन रेकॉर्ड इन हा स्टुडिओ, आणि १९९२ला 'रोजा'. घरामागच्या खोलीतून देश ऐकेल असा आवाज निघू शकतो, हे चेन्नईच्या पोरांना त्या स्टुडिओने शिकवलं. शिकवण इंडी होती, फळ सिनेमाला मिळालं.

इंग्रजी रॉकचा धागा निराळा. रेल्वे आणि अँग्लो-इंडियन वस्त्यांमधले डान्स बँड, चर्चचे कॉयर आणि कॉलेजचे महोत्सव यांवर तो जगला. आयआयटी मद्रासचा 'मार्दी ग्रा', जो पुढे 'सारंग' झाला, त्याच्या खुल्या रंगमंचावर कितीतरी बँड जन्मले आणि पुढच्या सेमिस्टरला विरघळले. २००० नंतर मात्र काही टिकले. जंकयार्ड ग्रूव्ह २००५चा, स्क्रॅट २००६चा, दि एफ१६स २०१२चा. स्क्रॅटचे 'इन द शेड', 'द क्वीन', 'बायसन' हे अल्बम क्रमाने ऐकले तर एक बँड स्वतःच्या आवाजातली चरबी कशी झडवत गेला ते कळतं. एफ१६सने २०१३ला 'कलायडोस्कोप' ही ईपी काढली, २०१६ला 'ट्रिगरपुंक्टं' हा अल्बम, आणि २०२१ला श्रीमंतांना खायची वेळ झाली का असं विचारणाऱ्या नावाची ईपी. त्यांची गाणी लंडनच्या एखाद्या बँडची म्हणून खपून जातील, असा आक्षेप घेतला जातो. मला तो निम्माच मान्य आहे. नीट ऐकलं तर त्या चकचकीत कीबोर्डखाली एक दमट, आळसावलेली दुपार आहे, आणि ती लंडनची नाही.

दुसरा पंथ तमिळमध्ये लिहिणाऱ्यांचा. ला पोंगल, शॉन रोल्डन, कुरंगन, कबेर वासुकी. कर्नाटक संगीताचं शिक्षण, लोकगीतांची ओढ आणि हातात अकूस्टिक गिटार. या मंडळींकडे भाषा होती, त्यामुळे सिनेमा त्यांच्याकडे लवकर आला. ला पोंगलमधला दरबुका शिवा संगीत दिग्दर्शक झाला, शॉन रोल्डन झाला, प्रदीप कुमार तर पार्श्वगायक म्हणून घरोघरी पोचला. यांना 'विकले गेले' म्हणणारे बाहेरगावचे शहाणे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी महिन्याचं भाडं कधी वेस्ट माम्बलममध्ये भरलेलं नसतं. माझं निरीक्षण असं, की चेन्नईत सिनेमा हा इंडी संगीताचा शत्रू नाही. तो त्याचा नकळत झालेला आश्रयदाता आहे. दिवसा सिनेमासाठी वाजवलेल्या व्हायोलिनच्या मानधनातून रात्री स्वतःच्या गाण्याचं मिक्सिंग होतं.

वाद्यांच्या जोरावर चालणारा, जॅझ आणि कर्नाटक यांची सांगड घालणारा जटायूसारखा प्रवाहही आहे. त्यावर या पुस्तकात फार नाही, मीही थांबत नाही.

तिसऱ्या पंथाजवळ मात्र थांबायलाच हवं. उत्तर चेन्नईत व्यासरपाडी, रायपुरम, कासिमेडू या भागांत 'गाना' नावाचा प्रकार आहे. मयताच्या घरी रात्र जागवताना म्हणायचं गाणं ही त्याची एक जुनी जागा. शब्द तिखट, ताल बोटांवरचा, भाषा बंदरातली. (याच नावाचं ॲप तुमच्या फोनवर असेल, त्याचा याच्याशी संबंध नाही.) सिनेमाने गानाची चाल उचलली आणि गाणारा माणूस दाराबाहेर ठेवला. २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेनमा यांनी गाना, रॅप आणि रॉक यांतले कलाकार निवडून एकोणीस जणांचा बँड उभा केला: द कास्टलेस कलेक्टिव्ह. ६ जानेवारी २०१८ला किल्पौकमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. परै हे चर्मवाद्य, गिटार, ड्रम एका रांगेत, आणि अंगावर सूट. त्या सुटाचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

नाव आलं ते अयोत्तीदास पंडितांच्या 'जातिविहीन तमिळ' या कल्पनेतून. अयोत्तीदास (१८४५ ते १९१४) यांनी १८९८ साली बौद्ध धम्म स्वीकारला होता, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या ५८ वर्षं आधी. या बँडने आरक्षणावर गाणं केलं, गोमांसावर केलं, शबरीमलाच्या वादात बँडमधल्या इसैवाणीने स्त्रीच्या तोंडून अय्यप्पाशी संवाद साधला. 'मगिळ्ची' हा त्यांचा अल्बम. बँडमधलाच अरिवू पुढे 'तेरुकुरल' हा अल्बम घेऊन आला, आणि मार्च २०२१मध्ये आलेलं त्याचं गाणं 'एन्जॉय एन्जामी' तर लग्नाच्या वराती गाजवून गेलं. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या त्याच्या आजीची आठवण नाचायच्या गाण्यातून देशभर पोचली. त्या गाण्याचं श्रेय कोणाचं यावर त्याच वर्षी जाहीर वाद झाला, तोही या विषयाचाच भाग आहे.

इथे मला महाराष्ट्राकडे वळल्याशिवाय राहवत नाही. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांची गाणी, विलास घोगरे, संभाजी भगत, पुण्याचा कबीर कला मंच. ६ डिसेंबरला दादरला आणि दसऱ्याला नागपूरला फुटपाथवर मांडलेल्या कॅसेटींची टेबलं आठवा. गाणारा स्वतः, लिहिणारा स्वतः, रेकॉर्डिंग कुठल्यातरी छोट्या स्टुडिओत, वितरण चादर अंथरून. कोणत्याही बड्या कंपनीची, रेडिओची, सिनेमाची मदत नसताना लाखोंच्या गर्दीत विकलं जाणारं संगीत. भारतातल्या स्वतंत्र संगीताचा इतिहास लिहिणारे कोलकात्याच्या मोहीनेर घोडागुली या बँडपासून सुरुवात करतात, मुंबईच्या रंगभवनवर येतात, पुण्यात २०१०ला सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर महोत्सवावर स्थिरावतात. ती कॅसेटींची टेबलं त्या इतिहासात नसतात, कारण तिथे कोणी 'इंडी' हा शब्द उच्चारला नव्हता. या पुस्तकाच्या लेखकाने एका प्रकरणात ती टेबलं आणली आहेत. ते एक पान मला या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता थोडं कामकाजाबद्दल, कारण नवख्या वाचकाला अल्बम म्हणजे स्टुडिओत जाऊन गाणं, एवढंच वाटतं. आधी फोनवर गुणगुणलेला तुकडा. मग जॅमिंग. मग स्क्रॅच, म्हणजे गाण्याचा कच्चा सांगाडा, कानात क्लिकची टकटक ठेवून वाजवलेला. त्यावर खरे ड्रम, बास, गिटार, शेवटी गळा. ड्रमसाठी मोठी खोली लागते आणि ती तासावर भाड्याने मिळते. म्हणून ड्रम दोन दिवसांत उरकतात आणि गळा सहा महिने चालतो, कारण गळ्याला घरचं कपाट पुरतं. (गायक खरंच कपाटात उभा राहून गातो. लोंबते शर्ट आवाज शोषतात.) नंतर मिक्सिंग, मास्टरिंग, मुखपृष्ठ, व्हिडिओ, आणि वितरकामार्फत गाणी स्ट्रीमिंगवर चढवणं. पुस्तकात बँडच्या खर्चाच्या वहीतली काही पानं छापली आहेत. त्यात सगळ्यात जड रकाना संगीताचा नाही, व्हिडिओचा आहे. बिर्याणीचा रकानाही मजबूत आहे. रिची स्ट्रीटवरून आणलेल्या केबल आणि जॅक तर इतक्यांदा येतात की त्या खातात की काय अशी शंका यावी.

आणि मग वाजवायचं कुठे? बंगळूरला गल्लीगल्लीत पब आहेत. तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३पासून 'टास्मॅक' या सरकारी कंपनीच्या हाती आहे, आणि बँडला वाजवता येईल असा परवान्याचा बार बहुतेक हॉटेलांत नाहीतर क्लबांत. म्हणजे बँडला मंच हवा तर तो तारांकित हॉटेलात, कॉलेजात किंवा एग्मोरच्या म्युझियम थिएटरसारख्या सभागृहात. अड्यारच्या अनवाइंड सेंटरने एक पिढी पोसली ती म्हणूनच. दारूचं धोरण आणि गिटारचा आवाज यांचा असा संबंध असेल असं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही, पण आहे. कदाचित यामुळेच चेन्नईचे बँड गिगपेक्षा रेकॉर्डिंगवर जास्त जीव टाकतात. बंगळूरचा बँड तुम्ही आधी पाहता आणि मग ऐकता. चेन्नईचा आधी ऐकता. २०१७ साली युनेस्कोने चेन्नईला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, तेव्हा त्या शहरातल्या बँडला वाजवायला जागा कुठे, हा प्रश्न कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

माझ्या मते सगळ्याचं मर्म एका प्रश्नात आहे: मास्टर कोणाकडे? एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. सिनेमात मास्टर निर्मात्याकडे किंवा त्याने विकलेल्या कंपनीकडे जातं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्या हातून कायमचा काढून घेता येणार नाही अशी तरतूद आली. १९६९मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएसची कॉपीराइट संस्था म्हणून २०१७ला पुन्हा नोंदणी झाल्यावर तो वाटा प्रत्यक्ष खात्यात येण्याची वाट मोकळी झाली. पण मास्टर ते मास्टर. तेच वादक, तीच गिटार, कधीकधी तीच खोलीसुद्धा. दिवसा वाजवलेलं दुसऱ्याचं आणि रात्री वाजवलेलं स्वतःचं. आवाजाची शैली, केसांची लांबी, भाषा तमिळ की इंग्रजी, या सगळ्या नंतरच्या गोष्टी. पंखा बंद करून घाम गाळायची तयारी कशासाठी असते हे मला त्या रात्री कळलं, कारण त्या चौघांपैकी दोघांनी दुपारी वातानुकूलित स्टुडिओत याहून अवघड काहीतरी वाजवलं होतं आणि त्याबद्दल एक अक्षरही काढलं नव्हतं.

मग आजच हे पुस्तक का? कारण अल्बम या वस्तूचा पाया हलला आहे. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, म्हणून गाण्यांना क्रम आला. कॅसेट उलटायची असे, म्हणून 'बी साइड'चं पहिलं गाणं दमदार ठेवत. स्ट्रीमिंगला बाजू नाही आणि शेवटही नाही. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९मध्ये आलं. आज तिथे गाणी सुटी सुटी ऐकली जातात आणि क्रम यंत्र ठरवतं. २०२४पासून वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टी मिळत नाही. नवख्या बँडच्या आठ गाण्यांपैकी पाच सहज या रेषेखाली राहतात. त्यात आता चार ओळी लिहून दिल्या की मिनिटभरात अख्खं गाणं, गळ्यासकट, हातात ठेवणारी यंत्रं आली आहेत. शहाणा माणूस म्हणेल, दर सहा आठवड्यांनी एकेक गाणं सोडा, रील करा, अल्बमचा नाद सोडा. पुस्तकातल्या बँडलाही हा सल्ला पाच जणांनी दिला. त्यांनी ऐकला नाही. का ऐकला नाही, यावर त्यांचं आपसात एकमत नाही, आणि लेखकाने ते ओढूनताणून करवलेलं नाही. हे फार बरं केलं. अशा पुस्तकांत कलावंतांना आपण काय करतो आहोत हे नेहमीच फार स्वच्छ ठाऊक असतं, आणि ते वाचून माझा विश्वास उडतो.

लेखकाबद्दल दोन शब्द. हा पेशाने अभियंता, गाव सांगलीकडचं, नोकरीने चेन्नईला गेला आणि शेजारच्या खोलीतला आवाज सहन होईना म्हणून तक्रार करायला दार ठोठावलं. त्या दारातून तो चौदा महिने बाहेर आला नाही. त्याला संगीताचं शास्त्र येत नाही, हे या पुस्तकाचं बळ आहे. जे समजलं नाही ते तो विचारतो आणि उत्तर जसंच्या तसं लिहितो. कॉम्प्रेसर म्हणजे काय हे एका मिक्सिंग इंजिनिअरने त्याला सांबार आणि रसम यांच्या उपमेने समजावलं आहे. तंत्रावरच्या जाड पुस्तकांत मला त्याहून चांगलं स्पष्टीकरण सापडलं नाही.

उणिवा सांगायला हव्यात. लेखकाचं तमिळ कामचलाऊ आहे, त्यामुळे तमिळ गाण्यांच्या शब्दांपाशी तो बिचकतो आणि चालीबद्दल बोलू लागतो. बायका या पुस्तकात फार कमी आहेत. ज्या आहेत त्या गाणाऱ्या आहेत, वाजवणारी एकच. हा दोष शहराचा किती आणि लेखकाचा किती हे मला ठरवता आलं नाही. मोठी तक्रार ही, की त्याची पावलं कूवम नदीच्या दक्षिणेलाच रेंगाळतात. अड्यार, तिरुवान्मियूर, बेझंट नगर. उत्तर चेन्नईवर जे प्रकरण आहे ते चांगलं आहे, पण पाहुण्याने लिहिलेलं आहे. २०२०पासून मार्गळीच्या मोसमात 'मार्गळियिल मक्कळिसै' हा लोकसंगीताचा महोत्सव भरतो. गाना गाणारे ऐन मार्गळीत स्वतःचा मंच मांडतात. त्या महोत्सवात लेखकाने एक अख्खा डिसेंबर घालवायला हवा होता. पुढच्या आवृत्तीत ती उणीव भरून निघावी, असं मी त्याला कळवलं आहे. उत्तर आलं, "रजा शिल्लक नाही."

मराठीत या विषयावर फार थोडं लिहिलं गेलं आहे. आपल्याकडे गायकांची चरित्रं आहेत, घराण्यांचे इतिहास आहेत, आठवणींची पुस्तकं तर पैशाला पासरी आहेत. पण चार सामान्य माणसं, नोकऱ्या सांभाळून, एक वस्तू शेवटापर्यंत कशी नेतात याचं रोजचं, कंटाळवाण्या दिवसांसकट केलेलं टिपण मी मराठीत वाचलं नव्हतं. या पुस्तकात कोणी प्रसिद्ध होत नाही. अल्बम येतो त्या दिवशी बँडमधला एक जण ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो.

वाचकाला एकच विनंती. शेवटच्या पानावर बँडने आवडत्या अल्बमची यादी दिली आहे, ज्यांचा उल्लेख वर आला त्यांतले काही तिच्यात आहेत. ते सुट्या गाण्यांत ऐकू नका, शफल बंद ठेवून पहिल्यापासून ऐका. आणि एखादा आवडला व तो बँडकँप या संकेतस्थळावर असला तर तिथे विकत घ्या. तिथे किमान किंमत बँड ठरवतो आणि बहुतेक अल्बमना त्याहून जास्त रक्कम टाकायची सोय असते.